मामांच्या ट्रेमधलं पाकीट

आमच्या कारखान्यात कोणी नवा माणूस आला की मामा त्याच्या हातात आपली कवळी ठेवायचे.

खोटं नाही सांगत. खालच्या दातांची कवळी, मधोमध तडा गेलेली. "धुतली आहे, घ्या," म्हणायचे. समोरचा आधी दचकायचा, मग हसायचा, मग कुठे ठेवावी ते न कळून तशीच हातात धरून बसायचा. आणि मी बाजूच्या टेबलावर कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसायची. लाज वाटायची हो. कवळी माझी नाही, तोंड माझं नाही, तरी कान माझेच गरम व्हायचे.

मामा म्हणजे आमच्या मालकाचे सख्खे मामा, म्हणून सगळ्या कारखान्याचे मामा. फाटकावरचा चौकीदारसुद्धा त्यांना "मामाजी" म्हणायचा. मूळचे वर्धेकडचे. सारी नोकरी भिलाईच्या स्टील प्लांटच्या परचेस, म्हणजे खरेदी खात्यात केली आणि रिटायर झाल्यावर जवळच हथखोजला भाच्याच्या कारखान्यात सल्लागार म्हणून येऊन बसले. कारखाना लहानच, प्लांटला नि रेल्वेला लागणारे सुटे भाग करून देणारा. मी तिथं बिलं टाइप करायला लागले होते. मग एकदा बंद पडलेला प्रिंटर मी सुरू केला, एकदा नेट मी जोडलं, आणि बघता बघता वायर असलेली प्रत्येक वस्तू माझ्या गळ्यात पडली. पगार मात्र टायपिंगचाच राहिला.

कवळीचा मुक्काम मामांच्या टेबलावरच्या चहाच्या ट्रेमध्ये असायचा. तिच्या शेजारी एक फुटकं बेअरिंग, कुकरची शिटी, चपलेचा तुटका अंगठा, पंख्याचा जळालेला रेग्युलेटर. "हे सारे एल-वन आहेत," मामा सांगायचे. प्लांटमध्ये नियमच तसा. बंद पाकिटात भाव मागवायचे, सगळ्यांसमोर पाकिटं फोडायची, आणि ज्याचा भाव सगळ्यांत कमी तो एल-वन. काम त्यालाच. मामांनी जन्मभर हेच केलं, आणि ती सवय ऑफिसातून घरी आली. दात पडले तेव्हा त्यांनी भिलाईतल्या दातांच्या तीन डॉक्टरांकडून कोटेशनं मागवली होती. बंद पाकिटात! मामींनी कपाळाला हात लावला. एल-वन डॉक्टरची कवळी पहिल्याच भुट्ट्याला तडकली, आणि डॉक्टर म्हणाला, त्यात रिपेअर धरलेलं नव्हतं.

"तवापासून मी भाव विचारणं सोडून देल्लं," मामा म्हणायचे. "भाव तं कोणीबी सांगते. बिघडल्यावर कोण येते, ते सांगा."

हा प्रश्न ते कोणालाही विचारत. एकदा भिलाईतल्याच सुपेल्याच्या बाजारात मी सोबत होते. कलिंगडवाल्याला म्हणाले, "फीका निकला तो कौन आएगा?" तो म्हणाला, "मेरा बाप आएगा क्या, बाबूजी?" मामा गंभीरपणे म्हणाले, "वो भी चलेगा. कहाँ रहते हैं?" भोवती बायका फिदीफिदी हसायला लागल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

तर एका दिवशी सकाळी कारखान्याचा मोठा कॉम्प्युटर बसला. ट्रकसोबत द्यायचं सरकारी बिल निघेना. भरलेले ट्रक फाटकाशी उभे, ड्रायव्हर हॉर्न वाजवून राहिलेले, प्लांटमधून फोनवर फोन. मला ताप होता. रुमाल डोक्याला बांधून मी टेबलाखाली शिरले आणि दुपार टळेपर्यंत कसंबसं ते मशीन उठवलं. ट्रक गेले. मालक केबिनमधून आले आणि माझ्याकडे न पाहता म्हणाले, "मामा, अब ये कंप्यूटर का लफडा किसी कंपनी को दे देते हैं. महिन्याचं ठरवून टाकू. मशीन, नेट, बॅकअप, सगळी झंझट त्यांची."

"अन् ही?" मामांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"देखते हैं," मालक म्हणाले.

एवढंच. देखते हैं. घरी बाबा रेल्वेतून रिटायर झालेले, धाकट्या भावाची फी माझ्या पगारातून जायची. त्या रात्री मी भरलेलं ताट तसंच सरकवलं. आईला वाटलं, तापामुळे.

कंपनी निवडायचं काम अर्थातच मामांकडे आलं. दोन आल्या. रायपूरची एक, तिचा माणूस टाय लावून. त्याने भिंतीवर चित्रं दाखवली, ढग काढलेले, कुलपं काढलेली. मामांनी शांतपणे सगळं पाहिलं आणि त्याच्या हातात कवळी दिली. दुसरा सुपेल्याचा, स्वतःच मालक, स्वतःच कामगार, बुटावर धूळ. त्यालाही कवळी. त्याने ती उलटीपालटी करून पाहिली आणि विचारलं, "तडा कशानं गेला?" मामा खूश झाले.

मग मामांनी दोघांना एकच प्रश्न केला. "तुम्हारा कौनसा ग्राहक तुमको छोड़ के गया?"

रायपूरवाला हसला. "सर, हमको कोई छोड़ता नहीं."

सुपेलावाला बुटाकडे पाहत राहिला. मग त्याने दुर्गच्या पुढे असलेल्या एका राईस मिलचं नाव सांगितलं. म्हणाला, "गलती मेरी थी."

दुसऱ्याच दिवशी मामांनी मला स्कूटरच्या मागे बसवलं. "चाल पोरी. जो राहिला त्याले काय इचारायचं? जो गेला त्याले इचारू." सगळ्या भिलाईतून वाजत जाणारी ती स्कूटर, मागे मी, ओळखीचं कोणी पाहू नये म्हणून ओढणी तोंडाला बांधलेली. आणि मनात एकच चाललेलं, की बाई, तू स्वतःच्याच जागेवर येणारा माणूस शोधायला निघाली आहेस.

मिलवाल्या शेठने चहा दिला. खरंच, म्हणाला, सगळा हिशेब गेला होता. बॅकअप रोज निघत होता, पण तो कधी उघडून कोणी पाहिलाच नव्हता. गरज पडली तेव्हा आतून रिकामा निघाला. मग हा सुपेलावाला आपला बिछाना घेऊन मिलमध्ये राहायला आला आणि कागदी पावत्यांवरून एकेक बिल पुन्हा भरून दिलं. एक पैसा घेतला नाही.

"फिर निकाला क्यों?" मामांनी विचारलं.

"हमने कहाँ निकाला? काम पूरा किया, और आना बंद कर दिया. उसको शरम आती थी, मामाजी. सामने से निकलता था तो मुँह फेर लेता था."

परत येताना रेल्वे फाटक बंद होतं, तिथं स्कूटर थांबवून मामा म्हणाले, "येडा भैताड आहे. चूक दुरुस्त केली, अन् मंग पळून गेला. शरम आली तं समोरून जावं माणसानं." मग एकदम मागे वळून, "आपल्या कारखान्याचे पासवर्ड कोणाजवळ आहेत?"

"माझ्याजवळ."

"लिहून?"

"डोक्यात."

"अन् तू उद्या ट्रकखाली आली तं?"

काय माणूस होता हो! शेजारी उभ्या मोटरसायकलवाल्यांनी वळून पाहिलं. मी म्हटलं, "तर सुटेन एकदाची." मामा हसले नाहीत. म्हणाले, "तुले बी पाकीट द्या लागते."

मला आधी कळलंच नाही. त्यांचं म्हणणं असं, की कारखान्याचे कॉम्प्युटर आजवर मी सांभाळत होते, म्हणजे तिसरी कंपनी मी. तर दोघांसारखं मीही कोटेशन भरायचं. काय काय करणार, किती वेळात येणार, सुट्टीच्या दिवशी काय, आजारी पडलीस तर कोण, आणि महिन्याचा भाव. बंद पाकिटात.

मरोद्याला घरी आले आणि खाटेवर कागद घेऊन बसले. बाबा तिथंच बसले होते. त्यांना सांगितलं. बाबा म्हणाले, "जास्त मांगू नको. हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नाई माणसानं." मलाही तेच पटलं. मी विचार केला, कंपन्या मोठा आकडा टाकतील. मी इतका लहान टाकला, की मालकांना नाही म्हणताच येऊ नये, तर जागा राहील. आणि मी भाव भरला. माझ्या तेव्हाच्या पगारापेक्षाही कमी.

पाकिटं फोडायचा दिवस मामांनी प्लांटच्या थाटात केला. मालकांची केबिन, रायपूरवाला, सुपेलावाला, मी, आणि मधे तो ट्रे. मामांनी चष्मा पुसला आणि एकेक पाकीट फोडून मोठ्याने वाचलं. रायपूरचा भाव मोठा नव्हता, पण खाली बारीक अक्षरात होतं, की फोनवर सांगणं तेवढं भावात, माणूस आला तर वेगळे पैसे. सुपेल्याचा भाव त्याच्याहून जास्त, पण कितीही वेळा या म्हणा, तो येणार, आणि दर महिन्याला बॅकअप उघडून दाखवणार. शिवाय त्याने लिहिलं होतं, कारखान्यातला एक माणूस हे बघायला सोबत पाहिजे.

मग माझं. मामांनी आकडा वाचला. थांबले. चष्मा काढून पुन्हा वाचला.

रायपूरवाल्याला खोकला आला. तो खोकला नव्हता, हे मला कळत होतं. सुपेलावाला पुन्हा बुटाकडे पाहायला लागला. मालक मात्र खुलले. "अरे, बढ़िया! मामा, मग प्रश्नच मिटला ना. हीच एल-वन!"

"हो," मामा म्हणाले. "एल-वन आहे." आणि त्यांनी माझा कागद घडी करून पाकिटात घातला आणि ते पाकीट ट्रेमध्ये ठेवलं, कवळीच्या नि कुकरच्या शिटीच्या मधे.

मी उठले, ओढणी सावरली, आणि रडायला येईल म्हणून पळत बाहेर माझ्या स्कूटीकडे गेले. चार लोकांत माझी किंमत वाचून दाखवली गेली होती, आणि ती मीच लिहिलेली होती. मामांवर राग धरावा तर कशासाठी? मी पुढचे काही दिवस कारखान्यात गेलेच नाही. अंगात कसकस आहे म्हणून निरोप पाठवला.

तर एका दुपारी वाजत वाजत स्कूटर मरोद्यात आमच्या दाराशी. मामांच्या हातात तो ट्रे! फडक्याने झाकलेला, हळदीकुंकवाला निघाल्यासारखा. शेजारच्या बायका दारात आल्या. आईने घाईघाईने चादर बदलली, पोहे टाकले. मामा खुर्चीवर बसले, बाबांना रामराम केला आणि ट्रेमधून माझं पाकीट काढून बाबांच्या हातात दिलं. "वाचा. तुमच्या पोरीनं आपला भाव काढला."

बाबांनी वाचलं. आईने मागून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अगं माय! एवढ्यात तर समोरची मावशी भांड्यालेबी येत नाई." बाबांची मान खाली गेली. त्यांनीच सांगितलं होतं ना मला, जास्त मागू नको म्हणून. त्यांची ती खाली गेलेली मान मला पाहवेना आणि माझं डोकंच फिरलं.

"बस झालं, मामा!" मी ओरडलेच. "सगळ्यांसमोर लाज काढली, आता घरी येऊन माझ्या बापासमोर काढून राहिले! जगाचा भाव करता, तुमचा सांगा ना. तुम्ही किती घेता भाच्याकडून? तुमचं पाकीट कुठं आहे?"

आई म्हणाली, "अवं, मोठ्या माणसाशी..."

मामांनी पोह्याचा चमचा खाली ठेवला. नवी कवळी त्यांना बोलताना जरा त्रास द्यायची. ती त्यांनी जिभेने नीट केली. मग हळू म्हणाले, "मी कायचं घेतो? मी फुकटच येतो. मामी गेल्यावर घरात बसवत नव्हतं. भाच्याले म्हटलं, एक खुर्ची दे फक्त. तो म्हणे, या. सल्लागार त्यानंच लावलं, पाटीवर बरं दिसते म्हणून."

मला वाटलं, जीभ हासडून टाकावी. मामा मात्र हसले. "म्हणजे तूबी एल-वन, मीबी एल-वन. माह्यात तं रिपेअरबी धरलेलं नाई."

मी रडायला लागले. ते म्हणाले, "रडू नको वं. भाव फार पडला, तं प्लांटमध्ये री-टेंडर करतात. मी तेवढ्यासाठीच आलो. नवा कागद घे, अन् तापात टेबलाखाली शिरली होती, तेबी धर त्यात."

"आणि तुमचं?"

"माह्या वयात री-टेंडर नाई होत."

त्या रात्री मी नवं कोटेशन लिहिलं. बाबा शेजारीच बसले होते, पण या वेळी काही बोलले नाहीत. मी लिहिलं की काम सुपेलावाल्याला द्यावं, तोच योग्य आहे, महाग असला तरी. त्याचं काम दर महिन्याला तपासायला, बॅकअप उघडून पाहायला आणि पासवर्ड कारखान्याच्या तिजोरीत ठेवायला मी. आणि माझा भाव लिहिला. या वेळी तापासकट. मग बराच वेळ पेन हातात धरून बसले आणि खाली आणखी एक ओळ टाकली: सल्लागार मामा यांचे मानधन, दरमहा. आणि आकडा.

मला वाटलं होतं, मी फार मोठं काम करून राहिले. पाकीट कोण फोडतं, हे मी विसरले होते.

पुन्हा तीच केबिन; या वेळी मालक, सुपेलावाला आणि मी. मामांनी पाकीट फोडलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचायला सुरुवात केली. सुपेल्याची शिफारस वाचली, मान डोलावली. माझा भाव वाचला, मालकांकडे पाहिलं, मालक नाखुशीने "ठीक है" म्हणाले. आणि सवयीने मामा पुढे वाचत गेले. "सल्लागार मामा यांचे मान..." तिथं ते थांबले.

मालकांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ते खिडकीबाहेर पाहायला लागले. एक शब्द बोलले असते! "ती ओळ राहू द्या, मामा" एवढंच म्हणाले असते! मी त्यांच्याकडे पाहत होते, सुपेलावाला पाहत होता. मालक खिडकीतून फाटकावरचा ट्रक पाहत राहिले.

मामांनी खिशातून पेन काढलं. "ही ओळ टेंडरच्या बाहेरची आहे," म्हणाले, आणि ती पट्टीने आखल्यासारखी सरळ खोडली. मग खोडलेल्या जागेशेजारी सही केली, कारण खाडाखोड झाली की सही लागते, असा प्लांटचा नियम. सही झाल्यावर त्यांनी कागद मालकांपुढे सरकवला.

सुपेलावाला कामाला लागला. काम चोख करायचा. रात्री-बेरात्री फोन केला तरी उचलायचा. माझा पगार वाढला. भावाची फी भरली, बाबांना चष्मा घेतला. सगळं छान झालं असं म्हणतात ना, तसं झालं. फक्त मला मामांच्या टेबलासमोरून जाववेना. आमच्या ऑफिसला पुढचं दार आहे, ते त्यांच्या टेबलाला लागून. पगाराच्या दिवशी तर मी कारखान्याला वळसा घालून, भंगाराच्या ढिगाऱ्यातून, मागच्या दाराने आत यायला लागले. मग रोजच. मीच त्यांना सगळ्यांसमोर वाचायला लावलं होतं ना! चांगलं करायला गेले आणि त्यांची फुकटची खुर्चीसुद्धा उघडी पाडली.

एका सकाळी त्यांनी हाक मारलीच. "कावून वं? मागून कावून येते? पुढचं दार बिघडलं का?"

दुसरं काही सुचेना. मी म्हटलं, "हो. अडकते जरा."

दुसऱ्या दिवशी मामा सुतार घेऊन आले. बिघडल्यावर कोण येतं, हा तर त्यांचाच प्रश्न. सुताराने दार उघडलं, लावलं, बिजागरी पाहिली, कडी पाहिली, पुन्हा उघडलं. "इसमें तो कुछ नहीं है, मामाजी." मी फायलीत तोंड घालून उभी होते. मामांनी त्याला त्याच्या फेरीचे पैसे दिले, वर चहा पाजला आणि वाटेला लावलं. मग दार पूर्ण उघडं करून, त्याला पाय लावून उभे राहिले आणि माझ्याकडे पाहिलं.

"दुरुस्त झालं," म्हणाले. "आता समोरून येत जाय."